सकिनाची हिरवी गाडी

सकिना,

तुझी गाडी काल गेली. खाली पार्किंगमध्ये तिच्या जागेवर तेलाचा काळा डाग तेवढा उरलाय. सकाळपासून मी सारखा खिडकीशी जातो, तो डाग बघतो आणि परत येऊन बसतो.

तू जाऊन चाळीस दिवसही नाहीत, तुझा चाळिसावा अजून व्हायचाय. बाई गेली की तिचे कपडे, बांगड्या लेकीला द्यायच्या, ही आपली रीत. झैनब आली, रडत रडत सगळं बॅगेत भरून पुण्याला घेऊन गेली. पण पन्नास वर्षांची, कापडी टपाची, नाकाडावर कुणी पथारी पसरून झोपेल एवढी लांब अमेरिकन गाडी आईची आठवण म्हणून कोणती लेक घेऊन जाईल? "अब्बा, जस्ट सेल इट ना," असं ती जाताना म्हणाली. मी हो म्हणालो. माझ्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. मला समोरचा रस्ता दिसतो, कडेने येणारं काही दिसत नाही. बायकोची गाडी आणि नवऱ्याला चालवता येत नाही, यावर आख्खी जेद्दा हसली होती. तू त्यांच्याबरोबर हसलीस. मीही हसलो, पण थोडं उशिरा.

ही गाडी आपल्याकडे आली कशी, हे मी गेले काही दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय. सांगताना तू शेजारी बसून चुका काढतेयस असं वाटतं. "मास्तर, तुम्ही नेहमी मधनंच सुरू करता." म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

तू उम्म फहद या म्हाताऱ्या सौदी बाईच्या घरी तिच्या पायाची जखम धुवायला जायचीस. हॉस्पिटलची ड्युटी संपली की तिथं. साखरेनं पोखरलेला तो पाय तू मांडीवर घ्यायचीस, आणि ती म्हातारी तुला अरबीत शिव्या देत खजूर भरवायची. तिच्या अंगणात ताडपत्रीखाली ही गाडी उभी होती. तिचा नवरा तरुणपणी पूर्वेकडे दहरानला नोकरीला होता. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन माणसाकडून त्याने ती घेतली. आठ सिलिंडरचं इंजिन, पोरांनी शर्यती लावाव्यात अशी गाडी. उम्म फहद त्या गाडीतून पुष्कळ फिरली, पण कायम मागच्या सीटवर आणि कायम टप बंद ठेवून. नवरा गेल्यावर गाडीवर ताडपत्री आली.

मग इथं सौदीत बायकांना गाडी चालवायला परवानगी मिळाली. पन्नाशीला टेकलेली तू, कॉलेजातल्या मुलींच्या रांगेत उभी राहून गाडी शिकलीस. लायसन्स घेऊन थेट उम्म फहदकडे गेलीस आणि तिच्या तोंडासमोर ते नाचवलंस. तिने ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "मग ती बाहेरची तू चालव. आणि मला पुढे बसव."

तिच्या मुलांना ती गाडी म्हणजे भंगार वाटत होती. त्यांनी आनंदाने कागद तुझ्या नावावर केले. गुलजार मिस्त्रीने कितीतरी महिने खपून तिला जिवंत केली. रंग तू निवडलास. मी म्हटलं, "हा तर दर्ग्याच्या चादरीचा हिरवा." तू म्हणालीस, "मग नवस फेडला समजा."

पहिल्या फेरीला मी होतो. मी मागे, माझ्या शेजारी उम्म फहदची नात नूरा, कॉलेजात शिकणारी. पुढे उम्म फहद, पायाला बँडेज, आणि स्टिअरिंगमागे तू, उशीवर उशी ठेवून, कारण त्याशिवाय तुला नाकाडापलीकडचं काही दिसत नव्हतं. समुद्राच्या रस्त्याला लागल्यावर तू टप उघडलास. वारा एकदम आत आला. म्हातारीने दोन्ही हातांनी डोक्यावरून घेतलेला काळा अबाया धरला, आणि मला वाटलं ती आता ओरडेल. ती ओरडली नाही. ती समुद्राकडे बघत राहिली आणि जरा वेळाने हळू आवाजात नवऱ्याशी बोलायला लागली. मेलेल्या नवऱ्याशी. नूराने मला कानात इंग्रजीत सांगितलं, आजी त्यांना विचारतेय, हे सगळं तुम्ही एकटेच बघत होतात?

मी तेव्हा अंग चोरून बसलो होतो. मेलेल्या माणसाशी असं उघड्यावर बोलणं मला बरं वाटलं नव्हतं. आणि आज बघ, मी काय करतोय.

त्यानंतर वर्षभरात म्हातारी गेली. गाडी राहिली, आणि गाडीबरोबर आपलं भांडण. तसं भांडण जुनंच होतं, गाडीने त्याला चाकं लावली. मला हॉटेलातली नोकरी संपवून गावी जायचं होतं. यात्रेकरूंच्या खोल्यांच्या किल्ल्या देत-घेत माझी उमर गेली. त्याआधी चार वर्षं गावच्या शाळेत मराठी शिकवली, तेवढ्यावर तू मला आयुष्यभर मास्तर म्हणालीस. मला खाडीकाठचं घर हवं होतं, भरतीच्या वेळी पायरीपर्यंत येणारं पाणी, दुपारी सुक्या बोंबलाचा वास. तू म्हणायचीस, "तिथं जाऊन मी कोण? अमक्याची सून, तमक्याची भावजय. उठायचं, चुलीपाशी जायचं. इथं मी सिस्टर सकिना, नि माझ्याकडे गाडी आहे."

"गाडी गावी पण घेऊ की एक," मी म्हणायचो.

"गावच्या रस्त्यावर? एका वळणात नाक नि दुसऱ्या वळणात शेपूट!"

मग मी रुसायचो. तू चावी उचलायचीस. "चला मास्तर, पट्टा लावा. गाडीत भांडू, जरा वारा तरी लागेल."

अशी किती भांडणं आपण समुद्राच्या काठाने नेली आणि अर्धवट सोडून परत आणली.

शेवटचे काही महिने तू वेगळी वागत होतीस. मला बँकेचं सगळं मोबाईलवर करायला शिकवलंस. भाकरी थापायला लावलीस आणि माझ्या भाकरीला नकाशा म्हणून हसलीस. पोटात दुखतं म्हणालीस तर म्हणे पित्त. जेवण कमी झालं तर म्हणे वजन वाढलंय. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेही मला दिसलं. पण तू नर्स. घरात ताप मोजणारी तू, गोळी देणारी तू. मला पित्त म्हटलंस, मी पित्त मानलं.

एकदा असरच्या नमाजानंतर आपण समुद्राकाठाने ओभूरच्या बाजूला निघालो होतो. तू मध्येच गाडी कडेला घेतलीस. दोन्ही हात स्टिअरिंगवर, कपाळ हातांवर. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "काही नाही. इंजिन ऐकतेय." मीही ऐकलं. मला काही वेगळं जाणवलं नाही. थोड्या वेळाने तू मान वर केलीस, ओढणीने तोंड पुसलंस आणि गाडी परत फिरवलीस. त्यानंतर तू ती चालवली नाहीस. पंधरवडाभरात तुझ्याच हॉस्पिटलच्या खाटेवर, तुझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलींच्या समोर, तू गेलीस. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, स्वादुपिंडाचा कॅन्सर, फार पुढे गेलेला. मी त्यांना म्हणालो, नाही हो, तिला पित्त होतं.

तेव्हापासून एकच प्रश्न घरात फिरतोय. तुला ठाऊक होतं का? मी स्वयंपाकघरात गेलो की तो ओट्यापाशी उभा असतो. नमाजाला बसलो की मागच्या रांगेत, मागच्या सफेत असतो.

तुला दफन केलं त्या दिवशी झैनब गाडीत बसली होती. कबरस्तानात बायका जात नाहीत, म्हणून भिंतीबाहेर, तुझ्या सीटवर, तुझ्या उशांवर. आम्ही माती देऊन परतलो तेव्हा तिने दार आतून लावून घेतलं होतं. मी काच वाजवली तर उघडेना. नुसती स्टिअरिंगला धरून बसलेली. गुलजारने गाडी तिथवर आणली होती, तो बिचारा उन्हात उभा. मी काचेवर तोंड ठेवून म्हटलं, "झैनू, चल बाळा." ती आतून म्हणाली, "शी इज हिअर, अब्बा. तिथं नाही. इथं आहे." मी काच वाजवायचं थांबवलं. कारण मी आत्ताच जिथून आलो होतो तिथं एकासारखा एक मातीचा उंचवटा होता, नाव नाही, पाटी नाही, इथली रीतच तशी. मान वळवेपर्यंत तुझा कुठला ते मला कळेनासं झालं होतं.

मग एका दुपारी ती गाडी ओरडली.

खरंच सांगतो. झैनब गेली होती, मी घरात एकटा. हवा अशी दमट की भिंतींना घाम. खालून हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. एकसारखा, लांब, जसं कुणी हात टेकवून बसलंय. मला आवाज ओळखू आला. कारण तू खाली थांबून असाच हॉर्न द्यायचीस, मला शर्टाची बटणं लावायलाही वेळ न देता. मी चपला न घालता जिना उतरलो. खाली चौकीदार, शेजारची मुलं, सगळे कान धरून उभे. गाडीत कुणी नव्हतं. कुणी असेल असं मला का वाटलं होतं, ते तूच जाण.

गुलजारला फोन लावला. तो हिंदीत ओरडून सांगायला लागला, "चाचा, नमी से वायर चिपक गया होगा! बॅटरी का तार निकालो, खलास!" मी बॉनेट उघडलं. हाताला चटका बसला. तार ओढली. आवाज मध्येच तुटला.

सगळे हुश्श म्हणून पांगले. मी तिथंच तार हातात धरून उभा राहिलो. सकिना, मला वाटलं, तू काहीतरी सांगत होतीस आणि मी तुझं तोंड दाबलं.

त्याच संध्याकाळी मी गाडी विकायला काढली. मोबाईलवर फोटो टाकले. तू शिकवलं होतंस म्हणून टाकता आले.

पहिला माणूस रियाधहून आला. तरुण, हसतमुख, अत्तर लावलेला. गाडीभोवती फिरला, बॉनेटवर प्रेमाने हात फिरवला. म्हणाला, हे इंजिन काढून टाकीन, नवं बसवीन, आतलं सगळं लाल चामडं करीन. मी मान डोलावली. विकायची म्हटल्यावर त्याने काय करायचं ते त्याने करावं. मग तो आत बसला. तुझ्या उशा त्याने उचलून मागे टाकल्या. खाली हात घालून खटका ओढला आणि सीट मागे ढकलली. इतकी वर्षं पुढे ओढून ठेवलेली सीट. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही, अंकल?"

"विकायची नाही. माफ करा. यल्ला, उतरा."

तो भला माणूस. एवढ्या लांबून येऊनही भांडला नाही. खांद्यावर हात ठेवून गेला. झैनब फोनवर चिडली. "अब्बा, तुमचं तिकीट झालंय. हू विल टेक केअर ऑफ इट?" बरोबर होतं तिचं. नोकरी संपली, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपत आला, सामान बांधलेलं. गाडी पार्किंगमध्ये सोडून मी कसा जाणार होतो? पण त्या सीटचा आवाज कानातून जात नव्हता. मी खाली जाऊन सीट पुन्हा पुढे ओढायचा प्रयत्न केला. तू कुठल्या खाचेत ठेवायचीस ते मला आठवेना. सापडलंच नाही.

परवा दारावरची घंटा वाजली. नूरा होती. आता ती दातांची डॉक्टर आहे, मला ओळखायला क्षणभर लागला. तिने सलाम केला, तुझ्यासाठी दुआ मागितली, चहा घेतला. मग कप खाली ठेवून इंग्रजीत म्हणाली, "मी गाडीसाठी आले आहे. एकजण येऊन गेला ना? त्याला तुम्ही परत पाठवलंत ना?"

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सिस्टर सकिनाने."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. कप धरलेला हात मी मांडीवर टेकवला.

ती सांगत गेली. तू उन्हाळ्याआधी तिच्या दवाखान्यात गेली होतीस. दात दाखवायला नाही. तू तिला म्हणालीस, माझ्यामागे मास्तर गाडी विकायला काढतील. पहिलं गिऱ्हाईक येईल त्याला ते हाकलून देतील. त्यानंतर तू जा. आधी गेलीस तर नाही म्हणतील. नूराने तुला विचारलं, सिस्टर, तुमच्यामागे म्हणजे काय? तेव्हा तू तिला रिपोर्ट सांगितलास. तोंडी, दोन वाक्यांत, जसं नर्स ड्युटी बदलताना दुसरीला पेशंट सांगते.

"त्यांना माहीत आहे का, असं मी विचारलं," नूरा म्हणाली. "तर म्हणाल्या, सांगितलं तर ते मला गावी घेऊन जातील. तिथं मी अंथरुणावर पडून राहीन आणि सगळा गाव येऊन माझं तोंड बघेल. मला गाडी चालवायची आहे, जमेल तोवर."

मी उठून खिडकीशी गेलो. पोरीसमोर रडायचं नव्हतं. पण खरं सांगू? रडू नव्हतंच ते. राग होता. मला इतका राग तुझ्यावर कधीच आला नव्हता. तुला ठाऊक होतं. कडेला गाडी घेऊन इंजिन ऐकत होतीस तेव्हा ठाऊक होतं. माझ्या भाकऱ्यांना हसत होतीस तेव्हा ठाऊक होतं. तू एकटीने सगळं ठरवलंस, आणि मला शेजारच्या सीटवर बसवून फिरवलंस. मी तुला घट्ट धरलं असतं. मी रात्रंदिवस तुझ्या उशाशी बसलो असतो.

आणि हो, मी तुला गावी नेलं असतं. नेलंच असतं. हे तू बरोबर ओळखलंस, म्हणून तर राग येतो.

नूरा मागून हळूच म्हणाली, "आजीला पुढे बसवणारी पहिली बाई त्या. मी गाडीतलं काही बदलणार नाही, अंकल. पण सीट मला मागे घ्यावी लागेल. माझे पाय लांब आहेत."

ते ऐकून मला हसू आलं. तुझ्यामागे पहिल्यांदाच. मी म्हटलं, "घे. सीट मागे घे."

काल ती आली. कागद झाले, गुलजारने तार जोडली, हॉर्न तपासला. जाण्याआधी नूराने मला एक फेरी मारायचा आग्रह केला. भर दुपार, ऊन असं की टप उघडायची कुणाची हिंमत होणार नाही. तिने उघडला. आम्ही समुद्राच्या रस्त्याने गेलो. मी माझ्या नेहमीच्या जागी बसलो होतो. इथं चालवणारा डावीकडे बसतो, आणि डावीकडची बाजू मला नीट दिसत नाही, तुला माहीत आहे. तिथं कोण आहे ते फक्त जाणवतं. रस्ताभर मी मान वळवली नाही. वळवली असती तर नूरा दिसली असती.

सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "तुम्ही जाताय, त्या इथंच राहणार. काळजी करू नका, मी आहे इथं. मी कबरस्तानात आत जाऊ शकत नाही. पण त्या रस्त्याने मी जात राहीन, याच गाडीतून."

मी तिला दुआ दिली. मराठीतच दिली. तिला शब्द कळले नसतील.

मला इमारतीपाशी सोडून ती निघाली. वळणावर तिने हॉर्न दिला, छोटासा. मी हात वर केला. गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज बराच वेळ येत होता, मग तो रहदारीत मिसळला. कुठला आवाज तुझ्या गाडीचा आणि कुठला दुसऱ्यांचा, हे मी कान देऊन शोधत राहिलो. चौकीदार म्हणाला, "अंकल, ऊन आहे, वर जा."

शुक्रवारी माझं विमान आहे. तुला इथं राहायचं होतं, तू राहिलीस. मला गावी जायचं होतं, मी चाललोय. दोघांच्या मनासारखं झालं असं कुणी म्हणेल, तर मी त्याचं तोंड बघणार नाही. असा निकाल आपल्यापैकी कुणी मागितला होता?

लोक मला सांगतात, माफ करा तिला, मन मोकळं करा, सुखाने जा. झैनबही म्हणते. माफ करण्यासारखं त्यात काही नाही, हे मला कळतं. तुझं मरण तुझं होतं. ते तू तुझ्या मनासारखं चालवलंस, आणि त्यातही माझी सोय बघून गेलीस. त्याबद्दल मी तुझ्या पायाशी बसायला तयार आहे. पण हे भांडण मी मिटवणार नाही, सकिना. मिटवलं तर पायरीवर बसून रोज संध्याकाळी तुझ्याशी बोलू काय? खाडीचं पाणी चढेल, उतरेल, मी विचारत राहीन. तू उत्तर देईपर्यंत विचारीन.

सांग. मला का नाही सांगितलंस?